कोरियन-जपानी मालिकांतलं प्रेम: पटणारं कुठलं, न पटणारं कुठलं?

ताम्हण

के-ड्रामांवर इथे धागे कमी नाहीत, पण बहुतेक 'काय बघू' आणि 'हीरो कसला दिसतो' एवढ्यावर थांबतात. इथे फक्त प्रेमाबद्दल आणि नात्यांबद्दल बोलू या. दोन माणसांना लेखकाने कशाच्या जोरावर जवळ आणलं, कुठे जमलं, कुठे घसरलं. शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी न बघितलेल्या मालिकेचं नाव दिसलं की पुढचा मजकूर सोडून द्यावा.

माझं मत आधी मांडते. या मालिकांतलं प्रेम पावसात, पहिल्या बर्फात किंवा चार कोनांतून दाखवलेल्या चुंबनात पटत नाही. ते पटतं कोण कोणाचं काम उचलतं तिथे, आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं तिथे.

उदाहरण घेते 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ'चं (२०१७, टीव्हीएन वाहिनी, १६ भाग). से-हीकडे स्वतःचा फ्लॅट आहे आणि त्यावर भलंमोठं कर्ज. जी-होला राहायला जागा नाही. आधी ती भाडेकरू होते, मग सोयीसाठी दोघं कागदोपत्री लग्न करतात. इथवर नेहमीचंच. खरी गोष्ट सुरू होते ती सासरी जेसाचा दिवस येतो तेव्हा. जेसा म्हणजे पूर्वजांसाठी घरी करायचा विधी, आपल्या श्राद्धाच्या जवळ जाणारा. नैवेद्याचा सगळा स्वयंपाक घरच्या बायकांकडे. जी-हो दिवसभर तिकडे राबते. हे श्रम करारात नव्हते, हे से-हीला बोचतं. त्याची भरपाई तो फुलं देऊन करत नाही. तो तिच्या माहेरी, दक्षिणेला नामहेला, किमजांगच्या दिवशी जाऊन दिवसभर कोबीत हात घालतो.

किमजांग म्हणजे हिवाळ्याआधी हिवाळाभर पुरेल एवढी किमची घालायची. लांबट कोबीचे गड्डे चिरून मिठात रात्रभर मुरवायचे, धुऊन निथळायचे, मग मिरचीची भरड, मुळा, लसूण आणि खारवलेली कोळंबी यांचा मसाला एकेका पानामध्ये भरायचा. एका घराचे कित्येक गड्डे होतात. कंबर मोडणारं काम आहे (२०१३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं, तरी करायला बहुधा बायकाच). जावई ते करतोय म्हटल्यावर 'माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीतरी आहे' हे वाक्य लिहायची गरज लेखिकेला उरत नाही.

खडीसाखर

अनुमोदन. हाच विषय जपान्यांनी एक वर्ष आधी हिशेबाची वही उघडून मांडला होता. 'निगेहाजी' (२०१६, टीबीएस, ११ भाग). मिकुरी मानसशास्त्रात उच्चशिक्षण घेतलेली, कंत्राटी नोकरी गेलेली. हिरामासाच्या घरी ती घरकामाला लागते. आईवडील दुसऱ्या गावी जाणार म्हटल्यावर तीच प्रस्ताव मांडते: जगाला नवराबायको, आत मालक आणि कर्मचारी. पगार महिना १,९४,००० येन, त्यातून तिचा राहण्याजेवण्याचा वाटा वजा. जवळीक वाढल्यावर तिचंही वेळापत्रक ठरतं, मिठी दर मंगळवारी. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण त्या मंगळवारच्या मिठीत जो संकोच आहे तो दहा चुंबनांत सापडत नाही.

आणि दहावा भाग. हिरामासा छान हॉटेलात नेऊन रीतसर मागणी घालतो आणि आकडेमोड समोर ठेवतो: खरं लग्न केलं तर पगार द्यावा लागणार नाही, तेवढी बचत. मिकुरी त्याला तिथेच सांगते की प्रेम आहे म्हणून काम फुकटात, हे प्रेमाचं शोषण झालं. मालिका दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडते. तो लबाड नाही, त्याची नोकरी जाणार आहे, तो घाबरलाय. आणि तिचं म्हणणंही शंभर टक्के बरोबर आहे. शेवटच्या भागात दोघं घराचे 'सहसंचालक' व्हायचं ठरवतात, कामं वाटून घेतात, ती वाटणी कोलमडते, आणि मिकुरी रिकाम्या बाथटबमध्ये जाऊन दार लावून बसते. तो दाराबाहेर बसून बोलतो. माझ्या मते आशियाई टीव्हीवरचा लग्नाबद्दलचा सगळ्यात खरा प्रसंग तो.

मराठीत २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' होती. घना आणि राधाचं करारी लग्न. फरक बघा: मराठीत करार मोडतो तो घरातल्या काका-काकू, आजी-आजोबांच्या मायेपोटी. जपानीत दोघांतलाच व्यवहार दोघांना पुरेनासा होतो. कोरियनमध्ये त्यात घराची किंमत येते.

दर्यावर्दी

घराच्या किमतीवर थोडं सविस्तर, कारण ते कळल्याशिवाय कोरियन मालिकांतली निम्मी भांडणं कळत नाहीत.

कोरियात 'जोन्से' नावाची पद्धत आहे. घरमालकाला एकरकमी मोठी अनामत द्यायची, बऱ्याचदा घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, आणि साधारण दोन वर्षं भाडं न देता राहायचं. मुदत संपली की रक्कम बिनव्याजी परत. मुंबईत 'हेवी डिपॉझिट' म्हणतात त्याचाच हा थोरला भाऊ. आता गोम अशी की ती रक्कम तिशीतल्या नोकरदाराकडे नसते. मग आईवडिलांकडून घ्यायची किंवा कर्ज काढायचं. आईवडिलांचे पैसे घेतले की लग्नात त्यांचा शब्द चालणार. त्यामुळे 'मुलाची आई पाकीट सरकवते आणि मुलाला सोड म्हणते' हा प्रसंग जितका नाटकी वाटतो तितकाच त्याच्या तळाशी रोकडा व्यवहार आहे.

परंपरेने घर मुलाकडून, घरातलं सामान मुलीकडून (त्याला 'होन्सू' म्हणतात), शिवाय सासरच्यांना द्यायच्या भेटी वेगळ्या, त्या 'येदान'. रुखवत आणि मानपान ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजवायला नको. लग्नाच्या दारात टेबल मांडून पाकिटं घेणारा आणि वहीत नाव-रक्कम लिहिणारा माणूस दिसतो, तोही ओळखीचा वाटेल. पाकिटात साधारण पन्नास हजार किंवा एक लाख वॉन. नातं किती जवळचं हे रकमेवरून कळतं, आणि पटकथाकार तो आकडा मुद्दाम दाखवतात.

उंबरठा

श्रम, घर सगळं मान्य. पण मनगट धरून ओढत नेणारे नायक कुठे गेले या चर्चेत? त्यांना सोडून प्रेमावर बोलणं अर्धवट आहे.

२००० ते २०१५ पर्यंतच्या लोकप्रिय कोरियन मालिका काढा. नायिका दुसऱ्याशी बोलतेय, नायक येतो, मनगट धरतो, ओढत बाहेर नेतो. हात धरला तर बोटं गुंफता येतात, तिलाही धरता किंवा सोडता येतं. मनगट धरलं की धरणारा एकच. त्यात संमतीला जागाच नाही. 'माय लव्हली सॅम-सून' (२००५, एमबीसी) मला अतिशय प्रिय. तिशीची, भरल्या अंगाची, बोलायला फटकळ, हाताने उत्तम केक करणारी नायिका त्या काळात टीव्हीवर दिसणं मोठी गोष्ट होती, शेवटच्या भागाला प्रेक्षकसंख्या पन्नास टक्क्यांच्या वर गेली. पण त्यातला नायक जिन-हॉन आज बघवत नाही. घर वाचवायला तिला पाच कोटी वॉन हवेत म्हणून खोट्या प्रेयसीचा करार, आणि मग जुनी प्रेयसी परतल्यावर दोघींना टांगून ठेवणं. २०२४ मध्ये तीच मालिका नव्याने संकलित करून ८ भागांत आणली. कात्री लावली तरी स्वभाव कुठे कापणार?

समाज बदलला तशी मालिका बदलली, हेही नोंदवायला हवं. कोरियात पाठलागाविरुद्धचा स्वतंत्र कायदा ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. त्याआधी पाठलाग किरकोळ गुन्ह्यात मोडायचा. घराखाली रात्रभर गाडीत बसून राहणारा नायक तेव्हा 'किती प्रेम करतो' म्हणून खपला, आता लेखकाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. थायलंडच्या जुन्या लाकोर्न मालिकांत तर 'थप्पड आणि चुंबन' नावाचा प्रकारच रूढ आहे, आणि त्यातल्या काहींत नायक जबरदस्ती करतो आणि नायिका पुढे त्याच्याच प्रेमात पडते. याला परंपरा म्हणून सोडून देऊ नये.

रातराणी

उंबरठा, मनगटाबद्दल पूर्ण सहमत. पण ताम्हणताईंच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. कामं वाटली म्हणजे प्रेम, आणि बर्फ-पाऊस ही सजावट, असं नाही. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' (२०१९-२०) वास्तवाच्या कसोटीवर एक मिनिट टिकणार नाही. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून दक्षिण कोरियाची उद्योजिका उत्तरेत पडते! तरीही प्रेम पटतं, कारण अडथळा खरा आहे. दोघांच्या मधली सीमा खरीच ओलांडता येत नाही. फोन नाही, पत्र नाही. अशा ठिकाणी दोघं आधीच स्वित्झर्लंडमध्ये नकळत भेटले होते हा योगायोगही प्रेक्षक आनंदाने गिळतो. अडथळा खोटा असेल (गैरसमज, अर्धवट ऐकलेलं वाक्य, न उचललेला फोन) तर कितीही भांडी घासा, पटणार नाही.

अडथळ्याचा विषय निघालाच आहे तर 'रिप्लाय १९८८'मधला अठरावा भाग. जुंग-ह्वान अनेक वर्षं देक-सनवर प्रेम करतो आणि बोलत नाही. ती गाण्याच्या कार्यक्रमाच्या दारात एकटी उभी आहे हे कळल्यावर तो गाडी काढतो. एकेक सिग्नल लाल. पोचतो तर त्यांचाच मित्र तेक आधीच तिथे, बुद्धिबळासारख्या त्यांच्या बादुक खेळाचा महत्त्वाचा सामना सोडून आलेला. जुंग-ह्वान मनाशी कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, इतक्या वर्षांच्या आपल्याच कचरण्याचा होता. 'सेकंड लीड'साठी (नायिका न मिळालेल्या दुसऱ्या नायकासाठी) रडणाऱ्यांनी हा भाग पुन्हा बघावा. त्याच्यावर अन्याय झाला नाही. अंगठी पुढे करून खरं ते सगळं बोलतो आणि शेवटी थट्टा होती म्हणतो, तो माणूस स्वतःच दार लावून घेतो. तेकने सामना सोडला.

ताम्हण

रातराणी, सामना सोडणं हे कामच झालं की! ज्या खेळावर त्याचं सगळं आयुष्य उभं आहे तो त्याने तिच्यासाठी एका संध्याकाळपुरता बाजूला ठेवला. माझा मुद्दा भांडी घासण्यापुरता नाही. किंमत कोणी मोजली, एवढाच आहे. पण अडथळा खरा हवा, हे तुमचं म्हणणं मी घेते. ते माझ्या मांडणीत नव्हतं.

'रिप्लाय १९८८'मध्येच आणखी एक खरा अडथळा आहे जो इंग्रजी सबटायटलवाल्यांना सहसा कळत नाही आणि मराठी माणसाला लगेच कळेल. देक-सनची बहीण बो-रा आणि शेजारचा सन-ऊ, दोघांचं आडनाव सुंग आणि मूळ कुळही एक. कोरियाच्या नागरी कायद्यात अशा सगोत्र लग्नाला बंदी होती. नातं शोधायला गेलं तर शेकडो वर्षं मागे जावं लागेल, तरी बंदी. १९७८, १९८८ आणि १९९६ मध्ये तेवढ्या तेवढ्या वर्षापुरती नोंदणीची सवलत दिली गेली. १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद अवैध ठरवली आणि २००५ मध्ये ती कायद्यातून गेली. म्हणून त्या दोघांच्या आया इतक्या हादरतात. केवळ 'लोक काय म्हणतील' एवढंच ते नाही.

दर्यावर्दी

हाकांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. प्रेमकथा कुठे वळण घेते हे कोरियन न येताही ऐकू येतं, काय ऐकायचं ते माहीत हवं.

वाक्याच्या शेवटी 'यो' ऐकू आलं तर बोलणं आदराचं. 'सुम्निदा', 'इम्निदा' ऐकू आलं तर अजून औपचारिक, कचेरीतलं किंवा लष्करातलं. हे दोन्ही गळून पडलं की अरे-तुरे. नावानंतर 'शी' लावलं की अंतर आहे. नावानंतर 'आ' किंवा 'या' लावलं की जवळीक. आता 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वर येणं म्हणजे काय हे मराठीत सांगावं लागत नाही, पण इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'च. म्हणून इंग्रजी सबटायटलमध्ये एखाद्या प्रसंगात काहीच घडत नाही असं वाटतं आणि समोरची नटी मात्र लाजून लाल झालेली असते. तिला नुकतंच पहिल्यांदा 'शी' न लावता नावाने हाक मारलेली असते.

'ओप्पा' म्हणजे मुलीने थोरल्या भावाला किंवा वयाने मोठ्या मित्राला म्हणायचं. 'नूना' म्हणजे मुलाने थोरल्या बहिणीला किंवा मोठ्या मैत्रिणीला. त्यामुळे नायक नूना म्हणायचं सोडतो, हा त्याचा पहिला कबुलीजबाब. नवराबायको एकमेकांना 'यबो' म्हणतात. त्याचा उगम 'इकडे बघा'मध्ये आहे असं मानतात. म्हणजे 'अहो, ऐकलंत का'. आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना 'जुंग-ह्वानची आई', 'सन-ऊची आई' म्हणून हाक मारतात. चाळीत वेगळं काय होतं?

वयाबद्दल सावधगिरी: जून २०२३ पर्यंत कोरियात व्यवहारातलं वय आपल्या हिशेबापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्त धरायचे. जन्मतः एक वर्ष, आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं एक वाढणार. जुन्या मालिकेत मुलगी एकोणीस म्हणाली तर ती सतरा-अठराची असते. 'गॉब्लिन' (२०१६-१७) बघताना हे लक्षात ठेवा. नायिका शाळेत आहे आणि नायक नऊशे वर्षांचा असला तरी दिसतो पस्तिशीचा. त्या मालिकेतलं छायाचित्रण, संवाद, यमदूताशी मैत्री सगळं सुंदर. ती जोडी मात्र नायिका गणवेशात असेपर्यंत मनाला पटत नाही.

जुनाट_रेडिओ

१६ भागांची मालिका बाराव्या भागापर्यंत छान चालते आणि मग दोघं विनाकारण विभक्त होतात, हे वारंवार का घडतं त्याचं तांत्रिक उत्तर देतो.

आठवड्याला दोन भाग, प्रत्येक साठ ते सत्तर मिनिटांचा. आठ आठवडे. जुनी पद्धत अशी की पहिले काही भाग चित्रित करून प्रसारण सुरू करायचं, आणि पुढचं लेखन प्रसारणाच्या बरोबरीने. शेवटाकडे संहिता पानापानाने सेटवर यायची. प्रेक्षकांचा कौल बघून कथा वळवायची सोय होती, पण लेखक थकलेला आणि नट झोपेला मुकलेले. आठव्या भागाच्या आसपास पहिलं चुंबन, दहाव्यापर्यंत जोडी जमलेली. उरलेल्या सहा भागांत करायचं काय? मग आजार, परदेशी शिक्षण, लहानपणीच्या अपघाताचं गुपित, आणि सोळाव्यात 'तीन वर्षांनंतर'. २०१६ चं 'डिसेंडंट्स ऑफ द सन' चीनमध्ये एकाच वेळी दाखवायचं म्हणून आधीच संपूर्ण चित्रित केलं होतं. २०१८ नंतर कामाच्या तासांवरही कायद्याची मर्यादा आली. आता १२ भागांच्या मालिका वाढल्या आहेत आणि प्रेमकथांना त्याचा फायदाच झालाय. 'बिझनेस प्रपोजल' (२०२२) बाराच भागांत आटोपतं, विषय तेवढाच आहे.

आणखी एक गोंधळ. 'वन स्प्रिंग नाइट' (२०१९) कुठे १६ भाग दाखवतात, कुठे ३२. मालिका एकच. एमबीसी, केबीएस, एसबीएस या वाहिन्यांना २०२१ च्या जुलैपर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायची परवानगी नव्हती. म्हणून एक भाग दोन तुकड्यांत मोडून 'दोन भाग' म्हणायचे आणि मध्ये जाहिराती घ्यायच्या. केबलवरच्या टीव्हीएन, जेटीबीसीला ती अडचण नव्हती.

जपानी मालिका तिमाहीची, १० ते ११ भाग, आठवड्याला एक. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार हंगाम. फसायला जागाच कमी. चिनी मालिकांना २०२० मध्ये ४० भागांची कमाल मर्यादा घातली गेली, ती २०२५ मध्ये शिथिल झाली. २०२० च्या आधी साठ-सत्तर भागही असत. तिथे बऱ्याचदा नटाचा आवाजही त्याचा नसतो, व्यावसायिक आवाज लावतात. प्रेमाच्या प्रसंगात ओठ आणि श्वास जुळत नाहीत ते त्यामुळे.

खडीसाखर

बाराव्या भागानंतर घसरण्याचं सगळ्यात दुखणारं उदाहरण 'समथिंग इन द रेन' (२०१८, जेटीबीसी). मूळ कोरियन नावाचा अर्थ 'जेवू घालणारी देखणी नूना'. पस्तिशीची जिन-आ, मैत्रिणीचा धाकटा भाऊ जुन-ही. पहिले आठ भाग अप्रतिम. दारूच्या टेबलावर तिसरं माणूस बडबडत असताना ती टेबलाखालून त्याचा हात धरते. त्याच्या हातातला पेला तसाच राहतो. ती वरती समोर बघत बसते, खाली बोटं घट्ट. मोठा संवाद नाही. आधी पाऊल उचललंय तिने, हे महत्त्वाचं.

त्याच्या जोडीला कचेरीची गोष्ट आहे. कामानंतरच्या जेवणावळीत बायकांनी मांस भाजायचं, साहेबांचे पेले भरायचे, खंजिरी वाजवून नाचायचं. जिन-आला त्यावरून टोपणनावच पडलंय. प्रेमात पडल्यावर ती पहिल्यांदा नकार देते. तो तिला वाचवायला येत नाही. कोणीतरी आपल्याला मोलाचं मानतं हे कळल्यावर तिला स्वतःचं मोल कळतं. इतकं नेमकं लिहिलेलं असताना आईचा विरोध तेराव्या भागापासून गोल गोल फिरतो, आणि शेवटी काही वर्षांची उडी मारून तिच्या शेजारी भलताच कोरडा पुरुष बसवलाय. ज्या बाईने कचेरीत उभं राहायला शिकलं तिला परत मुकी केली. याला माफी नाही.

शेवंती

वाचनखूण साठवली. नुकतंच बघायला सुरुवात करायची आहे. आईबरोबर बसून बघता येईल, प्रेम खरं असेल आणि शेवटी फसवणूक होणार नाही असं काय? चिनी आणि पाकिस्तानी मालिकाही चालतील. आईला इंग्रजी वाचायला वेळ लागतो.

ताम्हण

आईबरोबर असेल तर डोळे मिटून 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' (२०२५, नेटफ्लिक्स, १६ भाग). जेजू बेट, ए-सुन आणि ग्वान-शिक, तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत. एक प्रसंग सांगते, कथा फुटत नाही. सासरी जेवायला बसलेत. पुरुषांचं टेबल वेगळं, बायकांचं वेगळं. ग्वान-शिक पुरुषांच्या टेबलाकडे पाठ करून बसल्या जागी वळतो आणि बायकोबरोबर जेवायला लागतो. घरातल्या मोठ्या बायका बघत राहतात. आधी पुरुषांची पंगत उठायची आणि मग उरलंसुरलं घेऊन बायका बसायच्या, हे ज्या पिढीला आठवतं तिला तो प्रसंग समजवावा लागणार नाही. अर्धं फूट वळणं, एवढंच केलंय त्याने, आणि ती नवराबायकोंच्या नात्यातली सगळ्यात मोठी कबुली आहे. रुमाल जवळ ठेवा. शेवटचे चार भाग एका बैठकीत बघू नका.

रातराणी

त्यानंतर 'रिप्लाय १९८८'. २० भाग आहेत, प्रत्येक दीड तासाच्या घरात, आणि पहिले दोन भाग संथ. तिसऱ्यापर्यंत दम धरा. गल्लीतल्या आया-बापांमुळे आईला ती प्रेमकथेपेक्षा जास्त आवडेल.

उंबरठा

पाकिस्तानी हवी तर 'झिंदगी गुलझार है' (२०१२-१३, २६ भाग). २०१४ मध्ये झिंदगी वाहिनीवर लागली तेव्हा आपल्याकडे घराघरात पोचली, आणि हिंदी समजणाऱ्याला सबटायटलची गरज नाही. कशफच्या वडिलांनी मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न केलेलं. आई शिक्षिका, तिन्ही मुलींना शिकवते, कशफ स्पर्धापरीक्षा देऊन अधिकारी होते. पुरुषांवरचा तिचा अविश्वास कुठून आला ते दिसतं, त्यामुळे झारूनशी होणारी तिची प्रत्येक खणाखणी पटते. एक इशारा मात्र: झारूनच्या बहिणीचं आणि त्याच्या आधीच्या वाग्दत्त वधूचं पात्र 'मोकळ्या वागणाऱ्या बायका संसार टिकवत नाहीत' अशा सुरात लिहिलंय. आईबरोबर बघताना त्यावर बोला, तसंच जाऊ देऊ नका.

दर्यावर्दी

चिनीमध्ये 'हिडन लव्ह' (२०२३, २५ भाग) हलकी आहे. भावाच्या मित्रावर शाळेत असल्यापासून जीव. शाळकरी वयातलं प्रेम चिनी टीव्हीवर सहज चालत नाही, त्यामुळे नातं जुळतं ते कॉलेजात गेल्यावर. इथे ते बंधन कथेच्या पथ्यावर पडलंय. तो मोठा आहे हे भान ठेवून थांबतो, आणि ते थांबणं अभिनयात दिसतं.

जुनाट_रेडिओ

शेवंती, बघण्याच्या सोयीबद्दल. नेटफ्लिक्सवर भाषेची निवड आवाजासाठी वेगळी आणि अक्षरांसाठी वेगळी असते. आईसाठी हिंदी आवाज असेल तर लावा, बऱ्याच कोरियन मालिकांना आहे. हिंदी डबिंगमध्ये 'आप'वरून 'तुम'वर येणं काही अंशी टिकतं, इंग्रजीत ते जातंच. मूळ आवाज ठेवून इंग्रजी अक्षरं हवी असतील तर यादीत 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' असे दोन पर्याय दिसतात. 'सीसी'वाला बहुतेक वेळा इंग्रजी डबिंगच्या संवादांवर बेतलेला असतो, त्यात 'दार वाजलं', 'संगीत' असंही लिहून येतं. साधा 'इंग्लिश' घ्या. व्हिकी या मालिकांच्या साइटवरची सबटायटल्स बरीचशी स्वयंसेवकांनी केलेली असतात, ते 'ओप्पा', 'नूना' तसंच ठेवतात आणि कधी कंसात अर्थही देतात. नेटफ्लिक्सवर त्याजागी बऱ्याचदा नुसतं नाव येतं. दर्यावर्दींनी वर सांगितलेलं 'यो' आणि 'शी' मात्र कानानेच पकडावं लागेल. दोन-तीन भागांत कान सरावतो.

शेवंती

सगळ्यांचे आभार. शनिवारी टँजरिन्सने सुरुवात. हिंदी आवाज आईसाठी, पण जेवणाचा तो प्रसंग आला की एकदा कोरियनमध्ये मागे नेऊन बघू.